क्रिप्टो नुसतं साठवायचं की खर्चायचंही? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दादरला राहते, वीस वर्षं अकाउंट्सचं काम करते. रिटर्न भरायचे दिवस आले की बिल्डिंगमधली, ऑफिसातली, मैत्रिणींची मुलं फोन उघडून माझ्यासमोर धरतात. "ताई, 2021 ला थोडं थोडं क्रिप्टो घेतलं होतं, आता एवढं झालंय. काढू की राहू दे?" आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "यातूनच थेट काही विकत घेता येत नाही का?" हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गेली काही वर्षं मी स्वतः थोडं क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी, खर्चते आणि प्रत्येक खर्च वहीत लिहून ठेवते. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून एकदा सविस्तर लिहून काढली. मी सीए नाही. रक्कम मोठी असेल तर रिटर्न सीएकडूनच भरून घ्या.

क्रिप्टोनं खरेदी करणं आपल्याकडे कायदेशीर आहे का?

बंदी नाही. पण क्रिप्टो हे आपल्याकडे चलनही नाही. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की दुकानदार रुपये नाकारू शकत नाही, क्रिप्टो मात्र खुशाल नाकारू शकतो.

लोकांच्या मनात अजून 2018 ची भीती बसलेली आहे. त्या वर्षी 6 एप्रिलला रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टोच्या धंद्याशी संबंध ठेवायला मनाई केली होती. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं 4 मार्च 2020 रोजी रद्द केलं. 2022 च्या अर्थसंकल्पात सरकारनं क्रिप्टोवर कर लावला आणि कायद्यात त्याला 'आभासी डिजिटल मालमत्ता' (इंग्रजीत व्हीडीए) असं नाव दिलं. 7 मार्च 2023 ला एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री जिथे होते ती ॲप, मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली. म्हणजे कायद्याच्या लेखी तुमच्याकडे जी आहे ती मालमत्ता. ती देऊन तुम्ही मिक्सर आणलात, तर मालमत्ता देऊन मिक्सर आणलात. कराचं सगळं गणित या एका वाक्यातून निघतं.

मग दादर मार्केटात भाजी घेता येईल?

नाही. आणि यात भाजीवाल्या मावशींची काहीच चूक नाही.

त्यांच्या टोपलीशेजारी क्यूआरचा पुठ्ठा आणि पैसे आले की बोलणारा तो छोटा स्पीकर असतो. तुम्ही स्कॅन करता, दोन सेकंदांत "चाळीस रुपये प्राप्त झाले" ऐकू येतं, मावशी मान हलवतात, पिशवी तुमच्या हातात. क्रिप्टो घ्यायचं तर त्यांना ते ठेवायला वॉलेटचं ॲप हवं, त्या क्षणाचा भाव बघायला हवा, संध्याकाळी भाव पडला तर तोटा सोसायला हवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माल भरायला शेवटी रुपयेच लागणार. मोठ्या दुकानदाराला आणखी एक अडचण आहे. क्रिप्टोच्या व्यवहारावरचा 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापण्याची जबाबदारी कायद्यानं क्रिप्टो घेणाऱ्यावर टाकली आहे. इथे घेणारा म्हणजे दुकानदार. एका मोबाइल कव्हरसाठी कोण हे मागे लावून घेईल?

यूपीआय असताना क्रिप्टो खर्चायची गरजच काय?

प्रश्न रास्त आहे. यूपीआय 2016 पासून आहे, ते चालवणाऱ्या एनपीसीआयचं मुख्यालय आपल्याच बीकेसीत आहे, आणि तुम्ही दुकानदाराला बँक खात्यातून पैसे पाठवता त्यावर तुम्हालाही काही पडत नाही, त्यालाही नाही. रोजच्या खरेदीत त्याची बरोबरी क्रिप्टो करू शकत नाही. तुमच्याकडे क्रिप्टो नसेलच, तर किराणा आणायला म्हणून ते विकत घेऊ नका. रुपये देऊन क्रिप्टो घ्यायचं आणि तेच परत खर्चायचं, यात फी आणि करापलीकडे हाती काही येत नाही.

माझं म्हणणं आधीपासून क्रिप्टो असलेल्यांसाठी आहे. ज्यांनी काही वर्षांपूर्वी घेतलं आणि आज ते फायद्यात आहे, किंवा ज्यांना परदेशातल्या कामाचे पैसे त्यात मिळतात, त्यांनी ते आयुष्यभर स्क्रीनवर बघत बसावं असं मला वाटत नाही. वेळोवेळी थोडा भाग घरच्या गरजेच्या वस्तूंसाठी काढला, तर ती कमाई खरोखर घरात येते. 31 ऑक्टोबर 2008 ला सातोशी नाकामोतो या नावानं बिटकॉइनचा जो मूळ निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकातच 'इलेक्ट्रॉनिक रोकड' हे शब्द आहेत. रोकड हातातून हातात जाण्यासाठीच असते.

खर्च केल्यावरही कर लागतो? मी तर विकलं नाही, वस्तू घेतली.

लागतो. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

कर बसतो तो 'हस्तांतरणावर'. रुपयांत विकणं हे हस्तांतरण, एक कॉइन देऊन दुसरा घेणं हेही हस्तांतरण, आणि वस्तूच्या बदल्यात देणं हेसुद्धा हस्तांतरणच. 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आणि त्या करावर 4 टक्के उपकर आहे. नफ्यातून वजा होते ती फक्त खरेदीची किंमत. इंटरनेटचं बिल, लॅपटॉपची किंमत, सल्लागाराची फी, यातलं काहीही धरता येत नाही.

समजा, तुम्ही 2,000 रुपयांना घेतलेला कॉइनचा तुकडा आज 10,000 रुपयांचा झाला आणि तो पूर्ण देऊन तुम्ही आईसाठी मिक्सर घेतलात. नफा 8,000. त्यावर 30 टक्के म्हणजे 2,400, उपकर 96, एकूण कर 2,496 रुपये. मिक्सर दारात आला, पण हे 2,496 रुपये अजून द्यायचे आहेत आणि ते रुपयांतच द्यायचे आहेत. म्हणून मी सगळ्यांना सांगते: दहा हजारांचं क्रिप्टो असेल तर खर्चायला साडेसात हजारच आहेत असं धरा. उरलेलं बाजूला काढा, त्याला हात लावू नका.

लहान खरेदीलाही सूट नाही. 5 रुपयांना घेतलेला तुकडा 20 रुपयांचा झाला आणि त्यातून वडापाव घेतलात, तर नफा 15 रुपये आणि कर 4 रुपये 68 पैसे. रक्कम क्षुल्लक आहे, पण वर्षभर रोज असं केलंत तर 365 नोंदी रिटर्नमध्ये दाखवायच्या आहेत. मोजके पण मोठे खर्च करा, असं मी म्हणते ते यासाठीच.

एका कॉइनमध्ये फायदा झाला, दुसऱ्यात तेवढाच तोटा. मग कर शून्य ना?

नाही. या नियमानं अनेकांचं मन मोडतं. एका कॉइनचा तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. 5,000 नफा आणि 5,000 तोटा झाला, खिशात काहीच उरलं नाही, तरी नफ्यावरचे 1,560 रुपये भरावेच लागतात. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. शेअरमधला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, इथे एक दिवसही नाही. पण नियम आहे तोवर हिशेब त्याच्याच बाजूनं करायचा. खर्चायला कॉइन निवडताना तुमच्या खरेदीच्या किमतीपेक्षा फार वर नसलेला निवडलात, तर त्या खरेदीवरचा कर कमी बसतो.

माझं एकूण उत्पन्न करमर्यादेच्या खाली आहे. मला कशाला कर?

क्रिप्टोच्या नफ्याला ती मर्यादा लागू नाही. कॉलेजातला मुलगा असो की घर सांभाळणारी बाई, दुसरं उत्पन्न शून्य असलं तरी क्रिप्टोच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून 30 टक्के. रिटर्नही साधा आयटीआर-1 चालत नाही. आयटीआर-2 किंवा 3 भरून त्यातल्या व्हीडीए तक्त्यात प्रत्येक व्यवहार तारखेसह दाखवावा लागतो. टीडीएस वजा जाऊनही वर्षाचा कर 10,000 रुपयांवर जात असेल, तर आगाऊ कराचे हप्ते भरायला विसरू नका.

तो 1 टक्का टीडीएस म्हणजे वेगळा कर का?

वेगळा नाही, तुमच्याच कराचा आगाऊ भाग. 1 जुलै 2022 पासून भारतीय एक्स्चेंज विक्रीच्या रकमेवर 1 टक्का कापून तुमच्या पॅनवर जमा करतात. तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या करकपातीच्या उताऱ्यात दिसतो आणि शेवटच्या करातून वजा होतो. मात्र तो नफ्यावर नाही, पूर्ण विक्रीवर कापला जातो. त्यामुळे तोट्यात विकलंत तरी कापला जाणारच, आणि परत मिळवायला रिटर्न भरावंच लागेल. पुष्कळ मुलं तेवढ्यासाठी रिटर्न भरत नाहीत आणि हक्काचे पैसे तसेच सोडून देतात.

खर्च केलं आणि नंतर भाव दहापट झाला, तर जन्मभर पस्तावा नाही का होणार?

हा प्रश्न विचारताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तो पिझ्झा असतो. 22 मे 2010. फ्लोरिडातल्या लास्झलो हानिएच या प्रोग्रामरनं 10,000 बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले. तेव्हा त्या बिटकॉइनची किंमत सुमारे 41 डॉलर होती. आजचा भाव लावला की आकडा बघून गरगरतं, आणि "बघा, खर्च करणाऱ्याचं काय झालं" म्हणून ही गोष्ट सांगितली जाते.

मला ती उलटी दिसते. त्या दिवसापर्यंत बिटकॉइनच्या बदल्यात बाजारातली एखादी वस्तू मिळते हे कुणी करून दाखवलेलं नव्हतं. कुणीतरी ते देऊन जेवलं, म्हणून त्याला किंमत आहे हे जगाला दिसलं. सगळ्यांनीच पहिल्या दिवसापासून मुठी आवळून ठेवल्या असत्या, तर आज तुमच्या फोनवर बघायला काही भावच नसता. आणि हानिएच यांनी नंतर मुलाखतींतून आपल्याला पस्तावा नसल्याचंच सांगितलं आहे.

आता आपल्या घरातलं बघा. झवेरी बाजारातून आणलेली पाटली घेऊन कुणी वाण्याकडे जात नाही, हे खरंच. पण मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी, वडिलांच्या अँजिओप्लास्टीसाठी तीच पाटली मोडली जाते आणि कुणी वर्षानुवर्षं "अरेरे, आज सोनं केवढं झालं असतं" म्हणून रडत नाही. फी भरली गेली, मुलगी शिकली, नोकरीला लागली. सोनं कामाला आलं, असंच आपण म्हणतो. क्रिप्टोकडे त्याच नजरेनं बघता आलं, तर पस्ताव्याचं ओझं बरंच उतरतं.

तरीही मन मानत नसेल त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. जेवढ्याचं खर्चलंत तेवढ्याच रुपयांचं पुढच्या पगारातून परत घ्या. वस्तू घरात आली आणि साठाही जवळपास तेवढाच राहिला. कर आणि फी मात्र गेली, ती हिशेबात धरा.

प्रत्यक्षात खर्च करायचं कसं? पायऱ्या सांगा.

तीन वाटा आहेत. तिन्ही मी वापरून बघितल्या.

पहिली आणि सरळ: भारतीय एक्स्चेंजवर हवं तेवढंच विकायचं, रुपये बँकेत घ्यायचे आणि यूपीआयनं खरेदी करायची. काहींना वाटतं हे 'खरं' खर्च करणं नव्हे. पण कर तोच लागतो, टीडीएस आपोआप कापला जातो, कागद स्वच्छ राहतो आणि वस्तू कुठूनही घेता येते. मुंबईत राहणाऱ्याला मी शंभरातल्या नव्वद वेळा हीच वाट सांगेन. एक्स्चेंजच्या फीवर 18 टक्के जीएसटी असतो, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरी: गिफ्ट कार्ड. काही संकेतस्थळांवर क्रिप्टो देऊन ऑनलाइन दुकानांची, खाण्याच्या ॲपची, मोबाइल रिचार्जची कुपनं मिळतात. व्यवहार काही मिनिटांत होतो. पण कुपनाला मुदत असते, एकदा घेतलं की परत होत नाही, आणि इथे टीडीएस कुणी कापलेला नसला तरी कर भरायची जबाबदारी तुमची राहतेच. त्या क्षणाचा भाव स्क्रीनशॉटसह जपून ठेवा.

तिसरी: जे विक्रेते थेट क्रिप्टो घेतात त्यांच्याकडून घेणं. हे बहुतेक परदेशी आणि इंटरनेटशी संबंधित असतात. वेबसाइटचं नाव नोंदवणारी नेमचीप ही कंपनी 2013 पासून बिटकॉइन घेते. व्हीपीएन, होस्टिंग, ईमेल अशा सेवांतही हा पर्याय दिसतो. वेबसाइट बनवणारी, डिझाइन करणारी जी मुलं आहेत, त्यांच्या कामाला ही वाट खरोखर येते.

वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, लोकलचा पास?

थेट नाही. पहिल्या वाटेनं रुपये करा आणि नेहमीसारखं भरा. सोसायटीच्या सेक्रेटरींना क्रिप्टो घ्यायचा आग्रह करू नका. त्यांना दरवर्षी ऑडिट करून घ्यावं लागतं आणि पावती रुपयांचीच फाडावी लागते.

एक्स्चेंजपेक्षा टेलिग्रामवरचा माणूस चांगला भाव देतो. त्याला विकून रुपये घेऊ?

नको. हात जोडून सांगते, नको.

तो माणूस तुमच्या खात्यात जे रुपये टाकतो ते कुठून आले हे तुम्हाला दिसत नाही. अनेकदा ते कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात. ज्याचे गेले तो 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलीस पैशांचा माग काढतात आणि माग तुमच्या खात्यापाशी येऊन थांबतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं पगाराचं खातं असंच गोठलं. तक्रार दुसऱ्या राज्यातली, म्हणून पत्रव्यवहार तिकडच्या पोलीस ठाण्याशी. घरभाडं, ईएमआय, आईची औषधं, सगळं एका शुक्रवारी थांबलं. त्यानं कॉइन प्रामाणिकपणे विकले होते, चॅटही जपून ठेवलं होतं, तरी खातं मोकळं व्हायला महिने गेले. दोन-तीन रुपये जास्त मिळतात म्हणून हे अंगावर घेऊ नका. एफआययू, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी केलेलं एक्स्चेंजच वापरा.

बिटकॉइननं चहा घेणं खरंच शक्य आहे का? ते तर सावकाश चालतं म्हणतात.

बिटकॉइनच्या मूळ साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, सरासरी दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक गठ्ठा (ब्लॉक) तयार होतो आणि गर्दी असेल तेव्हा फीही वाढते. स्टीम या गेम विकणाऱ्या दुकानानं 2016 ला बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली तेव्हा एका व्यवहाराची फी सुमारे 20 सेंट होती. डिसेंबर 2017 ला ती 20 डॉलरच्या घरात गेली आणि त्यांनी बिटकॉइन बंद केलं. पाचशेच्या गेमवर हजाराहून जास्त फी कोण देईल?

यावर उपाय म्हणून लाइटनिंग नावाचा वरचा थर आला. त्यात छोटे व्यवहार साखळीबाहेर होतात, पैसे क्षणात पोचतात आणि फी बहुधा अगदी किरकोळ असते. तिथे हिशेब सातोशीत चालतो. 10 कोटी सातोशींचा एक बिटकॉइन. मैत्रिणीच्या फोनवर मी शंभर रुपयांच्या सातोशी पाठवून बघितल्या तेव्हा यूपीआयइतक्याच वेगानं गेल्या. चहावाला घेत नाही हा भाग वेगळा, पण तंत्र अडत नाही.

स्टेबलकॉइन वापरलं तर भावाची चढउतार टळेल ना?

टळते, बऱ्याच अंशी. यूएसडीटीसारखा कॉइन डॉलरला बांधलेला असल्यामुळे खर्चायला सोपा. पण आपल्यासाठी डॉलर-रुपयाचा फरक उरतोच, आणि तो फरकही नफाच. 85 ला घेतलेला 88 ला खर्चलात तर 3 रुपयांवर 30 टक्के. बिटकॉइन देऊन यूएसडीटी घेतलं तर त्याच क्षणी एक हस्तांतरण झालेलं असतं, हेही विसरू नका.

पाठवताना नेटवर्क नीट बघा. ट्रॉनवरचा यूएसडीटी आणि इथेरियमवरचा यूएसडीटी नावानं एकच, पण रस्ते वेगळे. समोरचा जे नेटवर्क घेत नाही त्यावर पाठवलंत, तर ते परत मिळवणं फार अवघड असतं.

पैसे चुकून गेले किंवा वस्तू खराब निघाली तर?

कार्डावर बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागता येतात. इथे ती सोय नाही. गेलेलं परत येतं ते घेणाऱ्याची इच्छा असेल तरच.

मला याचा फटका बसलेला आहे. भाचीच्या वाढदिवसाला गिफ्ट कार्ड घ्यायचं होतं. रात्री अकरा वाजता, घाईत. देश निवडायचा रकाना पानाच्या अगदी वर होता, तो तपासलाच नाही. कार्ड आलं ते परदेशातल्या दुकानाचं. इथल्या खात्यावर टाकलं की "हे कार्ड तुमच्या देशात चालत नाही" एवढंच उत्तर. विक्रेत्याला तीन मेल केले, तिन्हींना एकच उत्तर आलं: कोड उघडला असल्यानं परतावा नाही. साडेतीन हजार गेले आणि त्यावरचा कर भरावा लागला तो वेगळाच. तेव्हापासून माझी सवय अशी: पहिल्यांदा ज्यांच्याकडून घ्यायचं त्यांच्याकडून सर्वांत लहान रकमेचं घ्यायचं, ते वापरून बघायचं, मग मोठं.

फोनमध्ये वॉलेट ठेवलं आणि फोनच गेला तर?

लोकलच्या दारात उभं राहून फोन बघताना खालून काठीचा फटका मारून फोन पाडणारे आपल्याला नवे नाहीत. फोनमधल्या वॉलेटमध्ये खिशात जेवढी रोकड ठेवाल तेवढंच ठेवा. पिन फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवा. आणि वॉलेट सुरू करताना मिळणारे 12 किंवा 24 शब्द कागदावर लिहून घरात दागिने ठेवता तिथे ठेवा. त्याचा फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका. ते शब्द असले की नव्या फोनवर सगळं परत उभं करता येतं. ते दुसऱ्याच्या हाती लागले की सगळं त्याचं. कस्टमर केअर म्हणून फोन करून कुणी ते शब्द विचारले, तर तो चोर आहे.

मग एक्स्चेंजवरच ठेवलेलं बरं नाही का?

लवकर विकायचं असेल तेवढं ठेवा. 18 जुलै 2024 ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांना आपले कॉइन वर्षाहून अधिक काळ काढता आले नाहीत. त्यात ज्यांचे अडकले त्यांनी काही चुकीचं केलेलं नव्हतं. ज्या महिन्याची फी भरायची होती त्या महिन्यात मात्र ते उपयोगी पडले नाहीत.

डिजिटल रुपया म्हणजे सरकारी क्रिप्टोच ना?

नाही. तो रिझर्व्ह बँकेनं काढलेला रुपयाच आहे, फक्त नोटेऐवजी डिजिटल. किरकोळ वापराची चाचणी 1 डिसेंबर 2022 ला सुरू झाली, त्या पहिल्या चार शहरांत मुंबई होती. त्याचा भाव हलत नाही, त्यावर क्रिप्टोचा कर नाही आणि तो यूपीआयच्या क्यूआरवर चालतो.

कुठल्या देशानं क्रिप्टोला चलन केलं आहे का?

एल साल्व्हाडोरनं 7 सप्टेंबर 2021 ला बिटकॉइन कायदेशीर चलन केलं आणि दुकानदारांना ते घेणं बंधनकारक केलं. लोकांनी रोजच्या व्यवहारात फारसं वापरलं नाही. जानेवारी 2025 मध्ये, नाणेनिधीच्या कर्जाच्या अटीनुसार, कायदा बदलून ते ऐच्छिक केलं गेलं. सक्तीनं पैसा चालत नाही, हे तिथल्या भाजीवाल्यांनीही दाखवलं.

परदेशी ग्राहक माझ्या कामाचे पैसे क्रिप्टोत देतो. ते तसेच खर्चू?

दोन टप्पे वेगळे ठेवा. मिळालं त्या दिवशीची रुपयांतली किंमत ही तुमच्या कामाची कमाई. ती नेहमीच्या उत्पन्नात दाखवायची. तीच पुढे खरेदीची किंमत म्हणून धरतात, आणि खर्चताना त्यावर वाढ झाली असेल तर फक्त वाढीवर 30 टक्के. मिळालेल्या दिवशीचा भाव लिहून ठेवला नाही तर वर्षाअखेर दोन्ही टप्पे एकमेकांत अडकतात. परकीय चलनाचे नियमही यात येतात, त्यामुळे हे काम सुरू करण्याआधीच सीएशी बोला.

आमच्या गणपती मंडळात एकानं वर्गणी क्रिप्टोत द्यायची तयारी दाखवली आहे. घ्यावी का?

त्याचा उत्साह मोडू नका, पण वर्गणी रुपयांतच घ्या. मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. क्रिप्टो घेतलं तर ते कोणाच्या वॉलेटमध्ये, ते बारा शब्द कोणाकडे, विसर्जनाआधी भाव पडला तर मांडववाल्याला काय द्यायचं, यावरून कार्यकर्त्यांतच भांडणं लागतील. त्यानं स्वतः विकावं, आपला कर आपण भरावा आणि मंडळाच्या क्यूआरवर पैसे टाकून पावती घ्यावी.

नोंद नेमकी कशी ठेवायची? ॲप सुचवा.

ॲप हवं तर वापरा. मी दोनशे पानी वही वापरते, आखीव, आडवी धरून सात रकाने काढलेली. तारीख. कोणता कॉइन आणि किती. तो केव्हा आणि कितीला घेतला होता. आजचा भाव. काय घेतलं. नफा. बाजूला काढलेला कर.

गेल्या दिवाळीच्या आधीची एक ओळ अशी आहे: कुकर, पाच लिटर, स्टीलचा, विक्री 3,000, खरेदी 1,800, नफा 1,200, कर 374, आरडीत टाकले. व्यवहाराचा लांबलचक क्रमांक वहीत उतरवत नाही, त्याचा प्रिंट मागच्या पानाला स्टेपल करते. कुकर रोज चढतो. मार्चअखेर ती पानं सीएकडे गेली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "374 कुठून आणलंत?" मी दाखवलं: 1,200 चे 30 टक्के 360, त्याचे 4 टक्के 14 रुपये 40 पैसे. त्यांनी खूण केली आणि पान उलटलं.